एक्झोमच्या रिपोर्टमागचं पाखडणं: अप्रभावी आजाराचं जनुक सॉफ्टवेअर कसं शोधतं?

एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अट्रोफी झालेल्या बाळासाठी १६ कोटींचं इंजेक्शन आणि त्यासाठी लोकवर्गणी, अशा बातम्या पुणे-पिंपरीकरांनी गेल्या काही वर्षांत वाचल्या आहेत. त्या बाळांच्या आजाराला निदान नाव तरी होतं. शहरातल्या बालरोग ओपीडीत अशीही मुलं येतात, ज्यांच्या आजाराला नावच सापडलेलं नसतं. मान धरायला उशीर होतो, मग फिट्स येतात, एमआरआय होतो, रक्त-लघवीच्या दहा तपासण्या होतात आणि शेवटी डॉक्टर म्हणतात, "एक्झोम करून बघू." एक्झोम म्हणजे डीएनएतल्या जनुकांचं वाचन. काही आठवड्यांनी हातात येणाऱ्या त्याच्या कागदावर 'ऑटोसोमल रिसेसिव्ह', 'होमोझायगस', 'व्हीयूएस' असे शब्द असतात आणि घरचे त्या कागदाकडे बघत राहतात.

रिपोर्टमध्ये बदल एखादाच लिहिलेला असतो, पण तिथे पोचण्याआधी संगणकाने वीस हजारांहून जास्त बदल बाजूला काढलेले असतात. सुपात धान्य पाखडावं तसं हे काम आहे. काय उडवलं, का उडवलं आणि फोलपटाबरोबर एखादा दाणाही गेला नाही ना, हे कळलं की रिपोर्टबद्दल योग्य प्रश्न विचारता येतात.

दोन पूल

जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेली कृती. माणसात प्रथिनांची अशी सुमारे २०,००० जनुकं आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. तरी दुचाक्या थांबत नाहीत, शेजारच्या झेड ब्रिजवरून जातात. अप्रभावी, म्हणजे रिसेसिव्ह आजाराचं जनुक असंच वागतं. एक प्रत बिघडली तर दुसरी काम भागवते आणि माणूस ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही पूल एकाच वेळी बंद झाले तरच आजार होतो.

"आमच्या दोन्ही घराण्यांत हे कुणालाच नाही, मग आनुवंशिक कसं?" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बिघडलेली प्रत पिढ्यान् पिढ्या गुपचूप पुढे जात राहते. योगायोगाने एकाच जनुकाचे दोन वाहक नवरा-बायको झाले, तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता बाळ आजारी असण्याची, चारात दोन ते वाहक असण्याची आणि चारात एक ते पूर्ण मोकळं असण्याची. हा हिशोब दर खेपेला नव्याने लागतो. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. यात आईचा दोष नसतो आणि वडिलांचाही नसतो. आपण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या जनुकाचे वाहक असतोच.

रक्ताच्या नळीपासून फाईलपर्यंत

जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ ते ३ मिली रक्त घेतात. त्यातल्या डीएनएचा संपूर्ण संच, म्हणजे जीनोम, सुमारे ३१० कोटी अक्षरांचा आहे. प्रथिनांच्या कृती त्यातल्या जेमतेम एक-दोन टक्क्यांत मावतात. तेवढाच भाग वेगळा काढून वाचला की झाला एक्झोम.

यंत्र सलग वाचत नाही. ते साधारण १५०-१५० अक्षरांचे तुकडे वाचतं. एकाच दिवसाच्या वर्तमानपत्राच्या शंभर प्रती फाडून, तुकडे एकत्र कालवून समोर टाकले आणि प्रत्येक तुकडा कोणत्या पानावरचा ते सांगा म्हटलं, तर जे करावं लागेल तेच सॉफ्टवेअर करतं. त्याच्याकडे मानवी जीनोमची एक प्रमाण प्रत असते. तिच्याशी ताडून तुकडे जागेवर लावण्याचं काम बहुतेक ठिकाणी बीडब्ल्यूए हे मोफत सॉफ्टवेअर करतं. हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी ते २००९ साली मांडलं. मग ब्रॉड इन्स्टिट्यूटचं जीएटीके किंवा गूगलचं डीपव्हेरियंट प्रत्येक जागी प्रमाण प्रतीपेक्षा वेगळं काय आहे ते टिपतं. त्यातून तयार होते व्हीसीएफ नावाची फाईल. पुढचं सगळं पाखडणं या फाईलवर चालतं आणि त्याला साधा लॅपटॉपही पुरतो.

या फाईलमधली एक ओळ जवळून पाहू. एका जागी मूल, आई आणि बाबा यांच्यापुढे असं लिहिलेलं आहे:

मूल १/१, आई ०/१, बाबा ०/१

० म्हणजे प्रमाण प्रतीसारखं अक्षर, १ म्हणजे बदललेलं. तिरक्या रेघेच्या दोन बाजू म्हणजे दोन प्रती. आई-बाबांकडे बदल एकेका प्रतीत आहे, मुलाकडे दोन्ही प्रतींत. रिपोर्टमधला 'होमोझायगस' शब्द म्हणजे हे १/१, आणि 'हेटेरोझायगस' म्हणजे ०/१.

आता यात चूक कशी होते ते पाहा. एक्झोममध्ये प्रत्येक जागा सरासरी शंभरेक वेळा वाचलेली असते. शंभरातली ५२ वाचनं जुनं अक्षर दाखवतात आणि ४८ नवं, तर ०/१. ९८ नवं दाखवतात, तर १/१. पण सरासरी शंभर म्हणजे सगळीकडे शंभर नव्हे. एखाद्या जागी पाचच वाचनं पडली असतील, तर प्रत्यक्षात ०/१ असूनही पाचही वाचनं योगायोगाने बदललेल्या प्रतीवरून येण्याची शक्यता ३२ पैकी १ आहे. तसं झालं की सॉफ्टवेअर तिथे १/१ लिहून मोकळं होतं. हजारो जागा तपासताना असा योगायोग दुर्मीळ राहत नाही. म्हणून पहिली चाळण दर्जाची असते. दहापेक्षा कमी वाचनं असलेल्या जागांवर सहसा भरवसा ठेवत नाहीत आणि संशयित बदल सँगर पद्धतीने, म्हणजे तेवढीच जागा वाचणाऱ्या वेगळ्या चाचणीने, पुन्हा वाचून घेतात. हे दुसरं बिल अनेकांना नकोसं वाटतं, पण ते टाळू नये.

चाळणीचं भोक किती मोठं ठेवायचं?

एका माणसाच्या एक्झोममध्ये साधारण २० ते २५ हजार बदल निघतात. बहुतेक सगळे निरुपद्रवी. ढोबळ मानाने निम्म्यांमुळे प्रथिनातलं काहीच बदलत नाही, ते आधी बाजूला होतात. उरलेल्यांतले समाजात सर्रास आढळणारे काढले की काही शे उरतात. आणि मग ही अट घातली की एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात, की संख्या एकदम बोटांवर मोजण्याइतकी होते. अप्रभावी आजार शोधताना आपल्या बाजूने असलेली ही मोठीच गोष्ट आहे. एक्झोम वाचून ज्या आजाराचं अज्ञात जनुक प्रथम सापडलं, तो मिलर सिंड्रोम अप्रभावीच होता. तीन कुटुंबांतले चार रुग्ण घेऊन, 'चौघांतही एकाच जनुकात दोन-दोन नवे बदल' एवढी एकच अट लावली, तेव्हा डीएचओडीएच हे एकच जनुक उरलं. ते संशोधन २०१० च्या 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलं.

'सर्रास' म्हणजे किती, यात मात्र नवखा माणूस हमखास चुकतो. समजा, आजार ४०,००० बाळांत एकाला होतो आणि त्यामागे एकच बदल आहे. आजारासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, म्हणून बिघडलेल्या प्रतीचं प्रमाण ४०,००० चं वर्गमूळ काढून मिळतं: २०० त १, म्हणजे ०.५ टक्का. वाहक निघतात जवळपास शंभरात एक. म्हणजे आजार अतिशय दुर्मीळ, पण त्यामागचा बदल तितका दुर्मीळ नाही. एका प्रतीच्या चुकीनेच होणाऱ्या प्रभावी आजारांसाठी चाळण ०.०१ टक्क्यावर लावतात. तीच इथे वापरली, तर खरा दोषी फोलपटाबरोबर उडून जातो. अप्रभावी आजारासाठी चाळण सुरुवातीला १ टक्क्याच्या आसपास ठेवावी, नंतर हवी तर बारीक करावी.

दुसरा प्रश्न: प्रमाण कुणातलं मोजायचं? कोणता बदल किती लोकांत आढळतो याची जगभर वापरली जाणारी नोमॅड ही यादी २०२३ च्या आवृत्तीत आठ लाखांहून अधिक लोकांची झाली आहे, पण भारतातल्या असंख्य जाती-जमातींचं प्रतिनिधित्व तीत पुरेसं नाही. एमवायबीपीसी३ या हृदयाच्या जनुकातला २५ अक्षरं गळण्याचा बदल घ्या. भारतीय उपखंडात तो सुमारे ४ टक्के लोकांत आहे, बाहेर जवळजवळ नाहीच. फक्त युरोपीय यादीशी ताडलं, तर असा बदल 'अतिदुर्मीळ' दिसतो आणि संशयितांच्या रांगेत उगाच पुढे येतो. म्हणून सुमारे १,००० भारतीयांच्या जीनोमवरचं इंडिजेन आणि १०,००० च्या आसपास लोकांचं जीनोमइंडिया हे आपले प्रकल्प फार मोलाचे आहेत. लॅबने भारतीय यादी वापरली का, हे जरूर विचारा.

मामाची मुलगी आणि आजीची वही

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. अशा जोडप्याच्या मुलात सॉफ्टवेअरला एक वेगळाच माग मिळतो.

आजीची पाककृतींची वही होती अशी कल्पना करा. तिची एक नक्कल मुलाने केली, एक मुलीने, आणि पुढे त्यांच्या मुलांनी त्या नकलांच्या नकला केल्या. या नातवंडांचं आपसांत लग्न झालं, तर त्यांच्या मुलाकडे दोन्ही बाजूंनी वह्या येतात आणि काही पानं अक्षरन् अक्षर सारखी निघतात, कारण दोन्ही आजीच्या त्याच पानावरून उतरलेली असतात. आजीचं एका पानावर मीठ लिहायचं राहिलं असेल, तर ते दोन्ही प्रतींत राहून जातं.

डीएनएतही असंच. आपल्या दोन प्रतींत साधारण हजार अक्षरांमागे एखादं वेगळं असतं, म्हणजे वाटेत ०/१ अधूनमधून यायलाच हवं. लाखो अक्षरं गेली आणि एकही ०/१ नाही, असा पट्टा दिसला तर तो एकाच पूर्वजाकडून दोन्ही वाटांनी आलेला असण्याची शक्यता दाट. याला आपण जुळा पट्टा म्हणू. आते-मामेभावंडांच्या मुलात सरासरी १/१६ जीनोम, म्हणजे १९ कोटींच्या आसपास अक्षरं, अशा पट्ट्यांत असतात. मामा-भाचीच्या लग्नात हे प्रमाण १/८ होतं. आजार अशा पूर्वजाच्या चुकीमुळे झाला असेल, तर दोषी जनुक यांपैकीच एखाद्या पट्ट्यात असणार. ही युक्ती एरिक लँडर आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांनी १९८७ साली मांडली, एक्झोमच्या वीसेक वर्षं आधी.

पट्टे शोधण्यासाठी प्लिंक हे जुनं सॉफ्टवेअर वापरतात. नेहमीच्या मांडणीत ते ५० जागांची खिडकी सरकवत नेतं, खिडकीत एखादं ०/१ चालवून घेतं आणि किमान १० लाख अक्षरं लांब व किमान १०० जागांचा पट्टाच धरतं. ती एक सवलत महत्त्वाची आहे, कारण वाचनातल्या एका चुकीने पट्टा मधेच तुटू शकतो. प्लिंक बनलं ते जीनोमभर विखुरलेल्या जागा वाचणाऱ्या चिपसाठी. एक्झोममध्ये जागा जनुकांपाशी दाटीने आणि मध्ये मोठमोठी मोकळी मैदानं, त्यामुळे नेहमीच्या आकड्यांवर विसंबू नये. बीसीएफटूल्समधली आरओएच ही आज्ञा किंवा खास एक्झोमसाठी बनवलेलं ऑटोमॅप इथे बरं काम देतं.

एक फसगत ध्यानात ठेवा. एका प्रतीतला मोठा तुकडाच गळाला असेल, तरी तिथे ०/१ दिसणार नाही, कारण वाचायला प्रत एकच उरली. ते जुळ्या पट्ट्यासारखं दिसतं. फरक वाचनांच्या संख्येत सापडतो: गळालेल्या भागात ती निम्म्यावर येते.

"पण आमचं लग्न नात्यातलं नाही"

यावर दोन उत्तरं आहेत. पहिलं, नातं ठाऊक नसलं तरी असू शकतं. शेकडो वर्षं एकाच जातीत, एकाच पट्ट्यातल्या गावांत सोयरीक होत राहिली की दूरचे पूर्वज समान निघतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांपैकी ८१ गटांचा उगम फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही कमी पूर्वजांतून झाल्याच्या खुणा मिळाल्या. एकाच समाजात एकच चूक पुन्हा पुन्हा दिसण्याचं कारण हेच. अगरवाल समाजातल्या काही मुलांत डोकं मोठं आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाचा विकार असा आजार मुंबईचे डॉ. भीम सिंघल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली नोंदवला. पुढे त्यामागे एमएलसी१ जनुकातला एकच समान बदल सापडला. म्हणून समुपदेशक मूळ गाव आणि समाज विचारतात. त्या प्रश्नाचा राग मानू नये.

दुसरं उत्तर: दोन्ही प्रतींतली चूक एकच असायला हवी असं नाही. एकाच जनुकात आईकडून एक आणि वडिलांकडून वेगळीच, अशा दोन चुका असल्या तरी दोन्ही पूल बंदच. इथे व्हीसीएफमध्ये १/१ दिसत नाही. दोन वेगळ्या ओळींत दोनदा ०/१ दिसतं. सॉफ्टवेअरला फक्त १/१ शोधायला सांगितलं, तर हे मूल हातून निसटतं.

आई-बाबांचं रक्त कशाला?

नेमकं या दोन ओळींसाठी. दोन्ही चुका एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत धडधाकट आहे आणि हे जनुक निर्दोष. वेगवेगळ्या प्रतींवर असतील तर गुन्हेगार सापडला. १५० अक्षरांच्या तुकड्यांतून हजारो अक्षरं दूर असलेल्या दोन जागांचा संबंध कळत नाही. आई-बाबांच्या नमुन्यातून लगेच कळतो: एक चूक आईत, दुसरी बाबांत, तर वेगळ्या प्रती. दोन्ही आईतच, तर एकच प्रत. खर्च वाढतो, पण जमत असेल तर तिघांचं एकत्र वाचन करावं. ते न जमल्यास किमान सापडलेले दोन बदल तरी आई-बाबांत सँगरने तपासावेत. निरोगी भावंडाचा नमुनाही उपयोगी: संशयित बदल त्याच्यातही १/१ असेल, तर तो बहुधा निरपराध.

एक सापळा इथेही आहे. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी कुटुंबांना थॅलेसेमिया हा शब्द नवा नाही. या समाजात बीटा-ग्लोबिन जनुकातला ६१९ अक्षरांचा तुकडा गळण्याची चूक बऱ्याच वाहकांत असते. भारतभर सर्वाधिक आढळणारी थॅलेसेमियाची चूक वेगळी आहे, आयव्हीएस१-५ नावाची, एकाच अक्षराची. समजा आईकडून ही अक्षराची चूक आली आणि वडिलांकडून तुकडा गळालेली प्रत. १५० अक्षरांच्या वाचनांतून लहान बदल टिपणाऱ्या सॉफ्टवेअरला ६१९ अक्षरांची गळती सहसा दिसत नाही. मग फाईलमध्ये उमटतं:

मूल ०/१, आई ०/१, बाबा ०/०

'एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात' अशी कडक अट लावली असेल, तर सॉफ्टवेअर हा बदल एकाच प्रतीतला म्हणून फेकून देतं. खरं उत्तर कचऱ्यात जातं. दुसऱ्या एखाद्या जनुकात वडिलांकडच्या प्रतीतली गळती नेमकी आईच्या बदलाच्या जागेवरच असेल, तर मूल १/१ आणि बाबा ०/० असं दिसतं आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी अर्धवट वाचून वडिलांबद्दल भलताच संशय घेऊ शकतं. तिघांचं नातं तपासायला किंग किंवा पेडी यांसारखी सॉफ्टवेअरं असतात. ती हजारो जागा एकत्र बघतात. एका ओळीवरून नात्याचा निष्कर्ष कुणीही काढू नये.

सॉफ्टवेअरला दिसत नाही असं काय?

सुरुवातीला उल्लेख केलेला एसएमए हेच याचं ठसठशीत उदाहरण. त्याचं जनुक एसएमएन१. शेजारीच एसएमएन२ नावाचं जवळजवळ हुबेहूब जनुक आहे, मोजक्या अक्षरांचा फरक. तुकडा या जनुकाचा की त्याचा, हे ठरत नाही म्हणून सॉफ्टवेअर त्याला शून्य खात्री देतं आणि वगळतं. सुमारे ९५ टक्के एसएमए रुग्णांत एसएमएन१ चा सातवा एक्झॉन (प्रथिनाची कृती लिहिलेला जनुकाचा तुकडा) दोन्ही प्रतींतून गळालेला असतो आणि साधा एक्झोम नेमका तिथेच अडखळतो. एक्झोम नॉर्मल आला म्हणून एसएमए नाही, असं धरू नका. त्यासाठी एमएलपीए ही वेगळी चाचणी असते. जन्मजात अ‍ॅड्रिनल विकाराचं सीवायपी२१ए२ जनुकही अशाच जुळ्याशेजारी राहतं. जनुकांच्या मधल्या भागात खोलवर असलेल्या चुका तर एक्झोम वाचतच नाही.

शिवाय पत्त्याचा घोळ. पेठेतल्या घराला जुना घर नंबर वेगळा आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळा असतो, तशा जीनोमच्या प्रमाण प्रतीच्या दोन आवृत्त्या वापरात आहेत: २००९ ची जीआरसीएच३७ आणि २०१३ ची जीआरसीएच३८. एकाच जागेचे दोन्हींतले आकडे निराळे. दुसऱ्या लॅबला आकडा कळवताना आवृत्ती सांगितली नाही, तर ती भलत्याच घराची बेल वाजवते.

"व्हीयूएस म्हणजे हो की नाही?"

दोन्ही नाही. २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक नियमांनुसार प्रत्येक बदल पाचांपैकी एका खणात टाकतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ न लागलेला, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला खण म्हणजे व्हीयूएस. त्यावर गर्भपातासारखा निर्णय कधीही घेऊ नये.

मधल्या खणातून बाहेर पडायला डॉक्टरांची टिपणं फार मदत करतात. एक्झोमायझरसारखं सॉफ्टवेअर मुलाची लक्षणं आणि जनुकांच्या ज्ञात आजारांची लक्षणं जुळवून संशयितांना क्रम लावतं. मागणीपत्रावर नुसतं 'वाढ मागे' लिहिलं तर शेकडो जनुकं जुळतात. 'डोक्याचा घेर वयाच्या मानाने मोठा, दीड वर्षापर्यंत चालत होता, मग तोल जाऊ लागला, फिट्स तापाशिवाय' असं लिहिलं की यादी चटकन आक्रसते. मुलाचे व्हिडिओ, एमआरआयची सीडी, वजन-उंचीच्या नोंदी लॅबकडे पाठवायला सांगा.

"निगेटिव्ह आला, पैसे पाण्यात?"

एक्झोमने ढोबळपणे तिघांत एकालाच उत्तर मिळतं. पण फाईल शिळी होत नाही. आजारांची नवी जनुकं दरवर्षी सापडत असतात, त्यामुळे एक-दीड वर्षाने तीच फाईल पुन्हा पाखडली की काही घरांना नव्याने रक्त न देता उत्तर मिळतं. त्यासाठी लॅबकडून रिपोर्टबरोबर फास्टक्यू (यंत्राने वाचलेले मूळ तुकडे) आणि व्हीसीएफ या दोन्ही फाइली मागून ठेवा. पेनड्राइव्हवर घ्या, आवृत्ती लिहून ठेवा.

चूक पक्की झाली की पुढच्या गर्भारपणात साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन नेमका तोच बदल तपासता येतो. नोंदणीकृत केंद्रातच, आणि कायद्याप्रमाणे लिंग न सांगता. म्हणून शोध दिवस राहायच्या आधी संपलेला बरा, कारण एक्झोमला आठवडे लागतात.

मूल अत्यवस्थ असेल तर इतर धावपळीत एक गोष्ट राहून जाते: ईडीटीए नळीत २-३ मिली रक्त घेऊन डीएनए काढून साठवणं. आयसीयूतल्या डॉक्टरांना हे घरच्यांनी स्वतःहून सांगावं. नमुना न घेताच मूल गेलं असेल, तरी वाट पूर्ण बंद होत नाही. आई आणि बाबा दोघांचे एक्झोम वाचून सॉफ्टवेअरला उलटं शोधायला सांगतात: दोघेही ०/१ आहेत, चूक तीच असो वा वेगळी, अशी समान जनुकं कोणती? मग त्यांतलं मुलाच्या लक्षणांशी कोणतं जुळतं ते पाहतात. अशा वेळी त्या मुलाच्या जुन्या केसपेपरचा प्रत्येक कागद कामी येतो, तो टाकू नका.